फ्रिजवर संशय

आधी मी फ्रिजवर संशय घेतला.
प्लग काढला, दूध बाहेर बर्फात खुपसलं.
आवाज होताच.
मग मेन स्विच पाडला.
भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून सॉनात ठेवलं.
शेजारच्या उर्होला विचारलं, तुझा पंप चालू आहे का?
तो म्हणाला, ताइस्तो,
पंप नोव्हेंबरपासून गोठलाय.

जानेवारीत इथे रातकिडे नसतात.
तळं गप्प, बर्च गप्प,
आणि डाव्या कानात एकच,
न थकणारा,
किर्र.

तुर्कूच्या इस्पितळात डॉक्टर इंकेरी सालोवारा
कानात दिवा धरून म्हणाली, मळ नाही.
गुडघ्यासाठी ॲस्पिरिन किती घेता?
झोपेत दात खाता? रक्तदाब?
आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का?
मी नाही, नाही म्हणत गेलो,
चोराला पाठीशी घालणाऱ्या साक्षीदारासारखा.
मग तिने विचारलं, काम काय करायचात?

जहाजाच्या पोटात, तळाच्या टाकीत,
रांगत, एकतीस वर्षं
हवेच्या छिन्नीने वेल्डिंगच्या खपल्या सोलल्या.
कानात कापसाचे बोळे.
बाहेर आलं की अर्धा तास
लोक नुसते ओठ हलवायचे.
आम्हाला हसू यायचं त्याचं.

तिने आलेख दाखवला: रेघ सरळ चालत येते
आणि उजवीकडे कड्यावरून पडते.
आतले बारीक केस, म्हणाली,
गारपिटीतल्या जवासारखे आडवे झालेत.
ते पुन्हा उभे राहत नाहीत.
तिकडून निरोप येईना
म्हणून मेंदू कान टवकारतो, अजून टवकारतो,
शेवटी स्वतःचीच कुजबुज ऐकत बसतो.
निदान आम्हाला असं वाटतं,
सगळं अजून कुणाला कळलेलं नाही.

मग कानाला हेडफोन. हा सूर?
थोडा वर.
हा?
अजून जरा.
हा?
मी मान हलवली.
तिनेही तो ऐकला, भुवया आक्रसून.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी.

इथपासून वरचं तुम्हाला जवळजवळ ऐकू येत नाही,
ती म्हणाली. पक्षी वगैरे.

घरी आलो तर रोवनच्या झाडावर
तुरेवाली पाखरं, शेपटीला पिवळी कड,
चाळीसेक, लाल फळांवर तुटून पडलेली.
मला वाटायचं, ती यायचीच बंद झाली.
चोची उघडत होत्या, मिटत होत्या.
मी खिडकीशी उभा राहिलो,
माझा रातकिडा त्यांच्याच पट्टीत.

रात्री फ्रिज पुन्हा लावला.
घरघरतो.
घरघरू दे.