दोन बोटं माया

विद्युल्लता कंग्राळकरांचं माप माझ्या वहीत
अकरा वर्षांचं आहे.
छाती, मुंढा, उंची,
आणि कमरेच्या जागी ‘सोंट’,
कारण कात्री धरायला मला शिकवलं ईरप्पा मास्तरांनी
आणि त्यांच्या तोंडी कंबर कधी आलीच नाही.
शहापुरात याचं कुणाला नवल नाही.

सोंट चौतीस. छत्तीस. मुलगा झाल्यावर साडेअडतीस.
आकडा मी मोठ्यानं वाचत नाही.
आमच्या धंद्यात डॉक्टरांहून जास्त पोटं दिसतात,
बोलायची सोय नसते.

भाचीच्या लग्नाला त्या पहिल्यांदाच लेहेंगा शिवणार होत्या.
म्हणाल्या, दुसऱ्या रेल्वे गेटापाशी नवीन क्लिनिक निघालंय, द्वारकाताई.
सुरी नाही, टाका नाही, रजासुद्धा नको.
पोटाला डबा लावतात, गार करतात,
चरबी गोठते आणि जाते.
कुठं जाते? मी विचारलं.
त्या हसल्या. ते नाही विचारलं.

सहीचा कागद सहा पानी होता.
वर इंग्रजी, खाली कन्नड.
पाचव्या पानावर बारीक अक्षरांत
लाली, सूज, बधिरपणा,
आणि ‘क्वचित’ म्हणून पुढं एक ओळ.
त्या शाळेत कन्नड शिकवतात.
ती ओळ त्यांना दोन्ही भाषांत वाचता येत होती.
दोन्ही भाषांत त्यांनी ती सोडून दिली.

तीन आठवड्यांनी ट्रायलला आल्या.
कंबरपट्टीला टाचणी लावताना माझा हात चुकला.
टोक आत गेलं, ठिपकाभर रक्त आलं.
त्या आरशात बघत बोलत होत्या,
बँडवाल्याच्या ॲडव्हान्सचं काहीतरी.
मी टाचणी उपसली.
त्या बोलतच होत्या.
चुकलं माझं, मी म्हटलं.
काय चुकलं?

सोंट साडेसदतीस.
तेवढा एक आकडा मी मोठ्यानं वाचला.
लेहेंगा इंचभर आत घेतला.

श्रावणात आल्या त्या दार लोटून घेऊनच.
पदर बाजूला केला.
पोटावर त्या डब्याएवढाच उंचवटा,
कडा सरळ, कोपरे चार,
माझ्याच खडूनं आखून
आतून कुणी कापूस भरावा तसा.
हाताला घट्ट.
आता कळतं, म्हणाल्या. आता दुखतंसुद्धा.

क्लिनिकवाली म्हणाली, तुमचं खाणं वाढलं असेल.
मी काय चौकोनी खाल्लं, द्वारकाताई?

आम्ही दोघी हसलो. मग त्या हसायच्या थांबल्या
आणि मी कपाटात उगीच दोरा शोधत राहिले.

हुबळीच्या डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं.
एखाद्यालाच होतं म्हणाले.
आपोआप जायचं नाही,
काढायचं तर सुरी लागेल.
टाके किती पडतील हो?
हे त्यांनी मला विचारलं.
मला, जी कापडावर टाके मोजते.

सोंट एक्केचाळीस.
वहीत पहिल्यांदाच आकड्याशेजारी चित्र काढलं,
लहानसा चौकोन.
पुढच्या वेळी कट कुठं द्यायचा ते कळावं म्हणून.

लेहेंगा परत आणला होता.
फुकट गेला ना, म्हणाल्या.
मी तो उलटा केला.
शिवणीच्या आत कापड तसंच होतं, दुमडलेलं.
ईरप्पा मास्तर सगळं कन्नडात शिकवायचे,
एवढा एकच शब्द मराठीत म्हणायचे:
माया.
दोन बोटं माया ठेव,
कापड कापलं की बोलून उपयोग नाही.

त्या स्टुलावर बसल्या. मी उसवत गेले.
जुन्या शिवणीची भोकं राहिली, एकामागे एक,
मुंग्या गेल्यासारखी.
इस्त्री फिरवली की जाते ती रेघ, मी म्हटलं.
जाते?
कुठं जाते, असं त्यांनी विचारलं नाही,
पण मला ऐकू आलं.
थोडी राहते, मी म्हटलं,
आणि इस्त्री तापायला लावली.