दंड

पायसांदूत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
सेलेदोनियाचं कॅसेटचं दुकान. मागच्या खोलीत ती इस्त्रीही करते.
मी मारामारीचं काहीतरी न्यायला गेलो होतो.
तळच्या फळीवर, पुसायच्या बादलीआड, एक खोका:
उन्हानं विटून नटीचा चेहरा निळा पडलेला,
नाव अर्धं उंदरांनी वाचलेलं.

"ती? ती कुणी नेत नाही,"
म्हणाली, आणि अर्ध्या भाड्यात दिली.

पडद्यावर एक बाई बटाटे सोलते.
चार मिनिटं. साल तुटत नाही.
दाराबाहेर कुणीतरी बूट झटकतं,
सुरी थांबते.
एवढंच.
पुढे एक होडी येते, रिकामी जाते.
माझी शेगडी कधी विझली, कळलं नाही.

खोक्यात एक कार्ड होतं.
अकरा वर्षांत सात तारखा,
सातहींपुढे एकच सही: ओ. बेतांकूर.

नऊ दिवस उशिरा परत केली.
दंड सुट्या नाण्यांत मोजताना विचारलं, हा कोण?
"बंदरावरचा क्रेनवाला. मागच्या हिवाळ्यात वारला.
कधी चकार शब्द बोलला नाही.
रिवाइंड मात्र करून द्यायचा."

त्याच्याखाली मी सही केली.
ती इस्त्रीकडे वळली तेवढ्यात
खोका वर ठेवला,
पिस्तुलांच्या ऐन मधोमध,
डोळ्यांच्या उंचीवर.