इथून पुढे नवा डोळा

दस्तगीर मेस्त्री भट्टीवर होते तेव्हा
लोखंडाचा ताव रंगावरून सांगायचे.
मीटर नंतर आला उद्यमनगरात,
त्यानंही तेच सांगितलं,
दहा-वीस अंश इकडंतिकडं.
त्याच डोळ्यानं ते तारे मोजायला लागले.

मी तिथंच हजेरीपत्रक लिहायचो
(आम्ही कोल्हापूरच्या बायका 'आलो', 'गेलो'च म्हणतो).
म्हणाले, "पोरी, आकडा सुरेख आहे तुझा,
अंधारात लिहिशील?"
तशी मसाई पठारावर गेलो.
लाल कागद गुंडाळलेली बॅटरी, मांडीवर वही,
आणि वारा असा
की पानावर दगड ठेवून लिहायचं.

"चौसष्टवाल्यापेक्षा मंद. एकोणसत्तरवाल्यापेक्षा तेज.
सहासष्ट लिही. न्हाई, थांब. सदुसष्ट."
नकाशावर दशांशाचं टिंब द्यायचं नाही,
उगाच तारा समजून बसतो माणूस.

रूपविकारी.
मला आधी ते रोगाचं नाव वाटलं.
"तीनशे बत्तीस दिवसांनी हा परत चढतो,"
मेस्त्री तिमिंगलातल्या तांबड्याकडं बोट करून म्हणाले,
"तुझा पगार येतो का असा?
फक्त टक लावू नको. बघत बसलं की लाल तारा फुगतो.
नजर टाकायची, काढायची."

ढग आला तर ढग लिहायचं.
तारा दिसला नाही तर 'दिसला नाही', आणि पुढं:
शेजारचा एकशे बारावाला दिसत होता.
न दिसण्यालाही माप लागतं, हे मला
तिथं, थंडीत, नाक गळत असताना कळलं.

मग मे महिन्यातली ती रात्र.
गुऱ्हाळं बंद, आभाळात धूर नाही.
वसिष्ठाच्या पलीकडं, जिथं नुसता पुसट डाग असतो
तिथं एक टिंब जास्त.
मेस्त्रींनी मला नळीपाशी ढकललं.
"काय दिसतं ते सांगू नको. कुठं ते सांग."
मी सांगितलं. ते खाली बसले, गवतावरच.
दोन कोटी वर्षांपूर्वी एक तारा
स्वतःतच कोसळला होता.
"गाभ्याचं लोखंड झालं की संपलं," म्हणाले,
"लोखंड जळून ऊब देत न्हाई. भट्टीवाल्याला विचार."
एकशे दहा. तो आकडा वहीत वाकडा आहे,
माझा हात कापत होता.

पुढं मोतीबिंदू. शाहूपुरीत डोळा करून आले,
पट्टी सुटल्यावर पहिलं वाक्य:
"हा शर्ट निळा आहे व्हय?
मी राखाडी म्हणून घालतोय."
पठारावर निळे तारे एकदम वर आले,
बावीस वर्षांच्या आकड्यांशी एकही जुळेना.
मला वाटलं, आता हे खचणार.
त्यांनी फूटपट्टी मागितली, पानावर आडवी रेघ मारली,
आणि मला सांगितलं, लिही:
इथून पुढे नवा डोळा.
मागचे आकडे खोडू नयेत.
ते त्या डोळ्याला खरे होते.

ऑक्टोबरात शेंडेनक्षत्र आलं
तेव्हा अख्खं गाव रंकाळ्यावर, हातात भेळ.
उजळाईवाडीला उतरणाऱ्या विमानाला टाळ्या पडल्या.
खरं शेपूट खाली, झाडांच्या रेघेवर,
मीठ सांडल्यासारखं.
मेस्त्री दोन मिनिटं बघून म्हणाले, "गोड आहे.
चल, आपलं काम राहिलंय."

आता गुडघे त्यांना पठार चढू देत नाहीत.
मीच बघतो, मीच मोठ्यानं सांगतो, मीच लिहितो.
दहा वाजता फोन येतो.
"किती?"
"पंच्याऐंशी."
जरा वेळ नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.
"टक लावली होतीस."
"थोडी."
"पुन्हा बघ."

मी फोन गवतात पालथा ठेवतो,
कोल्हापूरच्या उजेडाकडं पाठ करतो,
शंभर मोजतो.
मग नुसती नजर टाकतो.