स्थळप्रत

चारशे बारा.
पुन्हा मोजल्या. चारशे बाराच.
बिस्किटांच्या डब्यात तीसेक वर्षं सांभाळलेल्या
तिकिटांच्या स्थळप्रती,
कडा पिवळ्या, आकडे माझ्याच हातचे.
वार्काउसच्या शाळेतली व्यायामशाळा, डिसेंबर एक्याण्णव.
तीन दिवस, तीन रात्री. आमच्याकडे डिसेंबरात
दिवस म्हणजे तरी काय,
खिडकीत घटकाभर ठेवलेली राखाडी बशी.

संग्रहालयाला आता भिंत भरायचीय.
ज्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर चित्र चालवलं,
चिमूटभर मेमरीत गाणं बसवलं,
त्यांची नावं द्या म्हणाले.
मी दिली.
तिथली पोरसवदा बाई यादीवरून बोट फिरवत म्हणाली,
एकही मुलगी नाही?
मी म्हणालो, मुली येतच नसत तेव्हा.
हिशेबाचा माणूस मी. कागद खोटं बोलत नाही.

रविवारी मेर्वी आली.
उंबऱ्यावर बूट आपटून बर्फ झाडला.
हल्ली कवळ्या बनवते. माणसाच्या दातांचे
सोळा पांढरे तिला नजरेनं कळतात.
म्हणाली, यादीत यार्को आहे.
आहेच. दुसरं बक्षीस. तळ्याखालचं गाव.
लोक बाकांवर उभे राहिले होते.
म्हणाली, पाणी कुणी रंगवलं,
विचारलंस कधी माझ्या भावाला?

दिवसभर मशीन त्याचं.
रात्री आई झोपली की तिचं.
आधी चौकटीच्या वहीत पेन्सिलनं, घर घर मोजून,
मग पडद्यावर ठिपका ठिपका.
सोळा रंगांत तळं मावेना,
तेव्हा तिनं चिखलाचा तपकिरी पाण्याला उसना दिला.
आणि ते पाणी हलत नव्हतंच, म्हणाली,
एकही ठिपका जागचा उठला नाही.
रंग तेवढे एकमेकांच्या जागा घेत
पुढे सरकत होते.
तुम्हाला वाटलं, वाहतंय.

मी कॉफी ओतली. काहीतरी करायला हवं होतं हातांना.

तू दाराशी होतास, म्हणाली.
होतो.
डोक्यावर तो फलक होता.
होता. मीच लिहिला होता, जाड पेनानं,
कोपऱ्यात फूलही काढलं होतं:
मुलींना प्रवेश मोफत.
वाटलं होतं, केवढा मनाचा मोठेपणा.
तिकीट नाही, मनगटावर निळा शिक्का.
तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे कप विसळताना तो गेला.
तिकीट नाही, म्हणून स्थळप्रत नाही.
फुकट आलेली माणसं
कुठल्या रकान्यात मांडतात,
मला कुणी शिकवलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

तिनं पाकिटातून पन्नास मार्कांची नोट काढली,
आता कुठल्याच दुकानात न चालणारी.
टेबलावर ठेवून तळव्यानं सपाट केली.
फाड, म्हणाली.

उरलेलं तिकीटबुक डब्याच्या तळाशी होतं.
पेन चालेना, फुंकर घातली.
चारशे तेरा. नाव:
हात आपोआप लिहून गेला, यार्कोची बहीण.
ती काही बोलली नाही.
नुसती बघत राहिली, दाताचा रंग जुळवताना बघत असेल तशी.
तिरकी रेघ मारली. रद्द.
चारशे चौदा. मेर्वी हाकुलिनेन.

तिकीट तीस मार्कांचं. वीस परत द्यायचे होते.
आता मार्क आणू कुठून?
राहू दे, म्हणाली. आणखी एक होती,
आंधळ्या कोशिंबिरीसारखी टोपी डोळ्यांवर ओढून
कोपऱ्यात बसायची. ढोलाचे आवाज तिचे,
निम्म्या लोकांनी उचलले.
तिचं फाड.
नाव?
मेर्वीनं कोट चढवला, एकेक बटण लावलं.
मीही नाही विचारलं, म्हणाली.

दहा मार्क मी घातले, कागदावर.
चारशे पंधरा. नावाची जागा कोरी.
रद्द झालेलंही फेकलेलं नाही,
सवय आहे, आणि त्यावर अक्षर माझं आहे.
संग्रहालयातून दोनदा विचारणा झाली,
आकडा पक्का समजू का?
मी कळवलंय,
हिशेब लागत नाही.