कळ

ओउलुत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
रायमो निवृत्त झाला, त्याचं मशीन माझ्याकडे आलं.
पहिल्याच दुपारी मी सेव्ह करायला गेले
तर निम्मा मजकूर भलत्याच फाइलीत जाऊन बसला.
"पुसून टाक त्याच्या सेटिंग्ज," वेइक्को म्हणाला,
तोंडात दालचिनीचा पाव. "मिनिटाचं काम."

मिनिटाचंच होतं.
पण पुसण्याआधी वाचायचं, ही माझी खोड.

एकशे चाळीस ओळी.
डावीकडे कळ, उजवीकडे तिचं काम, शेवटी तारीख.
मधेमधे कमांडला दिलेली व्हेरिएबल्स :
फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, निवडलेला शब्द.
नुसत्या रिकाम्या वाट्या.
कळ दाबेपर्यंत त्यांत काहीच नसतं,
दाबली की त्या क्षणी समोर असेल ते,
बहुतेकदा कागद गिरणीच्या बॉयलरचे आकडे.

एका ओळीला तारखेपुढे तीन शब्द :
करंगळी पोचत नाही.

मग मी तारखा लावून पाहिल्या.
पहिल्या हिवाळ्यात सेव्ह उठलं.
मार्चात शोध.
पुढच्या वर्षी कॉपी आणि पेस्ट, एकाच दिवशी,
गाव सोडणाऱ्या भावांसारखी,
ओ, पी, एलच्या आसऱ्याला.
तिसऱ्या हिवाळ्यात डावी बाजू ओस.
तीन कळांचं काम एकीवर,
एका हातात मावेल असं.

आणि आम्ही म्हणायचो,
रायमो डावा हात खिशात ठेवतो, काय ऐट!
दार उघडायला आधी कप खाली ठेवायचा.
तेही पाहिलं होतं आम्ही, रोज.

कुणाला बोलला नाही.
कळ सोसली,
आणि तारीख घालून, नीट, उजवीकडे हलवली.

झेड तेवढी मूळ जागी होती.
केलेलं मागे घ्यायची कळ.
विसरला असेल.
किंवा लागतच नसेल त्याला.

वेइक्को घरी गेला. नदीवर बर्फ धरू लागला होता.
मी डावा हात जॅकेटच्या खिशात घातला
आणि रात्रपाळीचा अहवाल लिहायला घेतला.
पहिल्या ओळीत तीनदा चुकले.
सातव्या-आठव्या ओळीला हात बसला.

निघताना दाराशी आले,
उजव्या हातात कप.
थांबले.
कप जमिनीवर ठेवला
आणि दार उघडलं.