कौलाच्या पाठीवर

घर क्रमांक एकेचाळीस.
छप्पर कशाचं, असं फॉर्म विचारतो:
हातचं कौल, की मशीनचं?
खूण एकच करायची आहे.

मी मान वर करते.
अर्धं छप्पर नळीच्या कौलांचं,
बोटांच्या रेघा वाळून राहिलेल्या, एक कौल दुसऱ्यासारखं नाही.
अर्धं कारखान्याचं, चपटं, लाल.
पाठीवर छाप: एक हत्ती, कंपनीचं नाव, साल.
चुलीच्या धुरानं हत्ती पुसट झालाय,
साल अजून वाचता येतं.

"ते माझ्या सासऱ्याचं," सोनव्वा कुंभार सांगते,
"आणि हे आमच्या मालकाच्या पगारातलं.
बाप चाकावर, पोरगा कारखान्याच्या भट्टीवर.
म्हातारा मरेपर्यंत ह्या बाजूखाली झोपला नाही बघ."

पाचवीच्या पोरांना मी आमच्या तालुक्याचा इतिहास शिकवते.
कदंब येतात, हलशीला देऊळ बांधतात, धडा संपतो.
धड्यात नाही ते असं:
साहेबानं सागवान मोजलं,
मग रेल्वे आली, रेल्वेमागून कौलांचे कारखाने,
आणि सोनव्वाची सासू ओसरीवरून न हलता
आधी मुंबईत होती, मग म्हैसुरात, मग कर्नाटकात.
शेण मात्र त्याच गोठ्यातलं काढायची.

मागल्या खेपेला तेरगाळीत माणसं अकराशे बारा.
ह्या खेपेचा आकडा मी अजून कुणाला सांगितलेला नाही.
चिमणीवर पिंपळ उगवलाय, चांगला मनगटाएवढा.
हत्तीची कौलं गोव्याला जायची, गवतात गुंडाळून.
आता पोरं जातात,
गवताशिवाय.
त्यांच्या दारांवरच्या कुलपांसाठी फॉर्मात वेगळा रकाना आहे,
तो भरायला सोपा.

राहिलेल्यांचं रताळ्यांवर चालतं.
माळावरची पोती ट्रकात चढतात, दिल्लीकडं निघतात;
उपवास तिकडं कुणाचा तरी,
कंबर इकडं.
सकाळी सहाला डेअरी, दुपारी काजू फोडायला शेडमध्ये,
चिकानं काळी पडलेली बोटं अंगठ्याच्या मशीनवर उठत नाहीत,
म्हणून रेशनला तीन तीन खेपा.
धंदा कोणता लिहू?
सोनव्वा म्हणते, "कुंभार लिव्ह."
चाक कोपऱ्यात आहे. त्यावर कोंबडी बसलीय, अंड्यांवर.

मातृभाषा?
"कुणाची? आई लोंढ्याकडची, कोकणी बोलायची.
सासू बैलहोंगलची, शिव्या कन्नडात.
मडकी मी मराठीत विकली.
तुला काय पायजे ते लिव्ह की गे बाई."

मला काय पाहिजे ते मला माहीत आहे.
माझी शाळा अकरा पोरांवर उभी आहे.
ह्या रकान्याचा तिच्याशी संबंध नाही,
असं मी कालपासून स्वतःला सांगतेय.
पेन उचलते, ठेवते, विचारते,
रात्री ताप आला तर काय बोलता?

"तापात?" ती म्हणते. "ऐकायला कोण हाय?"

घरात माणसं: एक.
"दोन लिव्ह. पोरगा चवतीला येतोय."
मडगावात तो दुसऱ्या कुणाच्या तरी फॉर्मात आहे, मी समजावते.
ती ऐकून घेते, आणि चुलीवर दोघींचा चहा ठेवते.

राहिलं छप्पर.
जे जास्त असेल ते लिहायचं, असा नियम.
मग आम्ही दोघी मोजायला लागतो, माना वर करून.
ती कोड्यांनी मोजते, बोटांवर, मराठीत;
चौथ्या कोडीनंतर कधी कन्नडात गेली
तिला कळलं नाही, मलाही उशिरा कळलं.
हातची एकशे सत्तरपर्यंत आलो होतो,
तेवढ्यात वरून माकडांची टोळी पळत गेली,
दोन कौलं सरकली,
जमिनीवर उन्हाचा एक तुकडा पडला
आणि दोघींचा आकडा चुकला.

"परत पहिल्यापासून," सोनव्वा म्हणते.

बाहेर अजून एकोणीस घरं आहेत.
मी पोतं ओढून खाली बसते.