टायडी

शब्दकोशात पाहिलं होतं : टायडी, म्हणजे नीटनेटका, टापटिपीचा.
उदाहरणादाखल एक टेबल दिलं होतं, एक कपाट.
मग मी वेल्सच्या कोळसाखोऱ्यात राहायला आले,
आयर्वेनबाईंच्या माडीवर.

बॉयलर बंद पडला. त्या म्हणाल्या,
"डेल्विनला बोलावते. फार टायडी पोरगा."
डेल्विन आला. एक बाही कोपरापाशी फाटलेली,
व्हॅनमध्ये महिन्याभराचे चिप्सचे कागद,
पाना शोधण्यातच पाऊण तास.
पण रात्री साडेअकराला नळ्या तापेपर्यंत
जमिनीवरून उठला नाही.
पैसे निम्मे घेतले, चहा तीन कप.
मी शब्दकोशात पेन्सिलीने
एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

शनिवारी कुणीतरी कुणालातरी चिखलात असं आडवं केलं
की खेळ थांबवून दात शोधावे लागले;
अख्खा क्लब ओरडला, टायडी!
ड्रायव्हरला सुटे दिले, टायडी.
उद्या येते म्हटलं, टायडी.
आणि नातू तोंडात घास घेऊन पुटपुटला तर
"टॉक टायडी!"
हे मात्र मला कुणी समजावायला नको.
नीट बोल. नीट बस.
नीट जा, पोचलीस की फोन कर.
आमचा नीटसुद्धा घर झाडायच्या भानगडीत फारसा पडत नाही,
माणसांच्याच मागे असतो.

खिडकीसमोर हिरवी टेकडी आहे.
टेकडी नव्हे ती. खाणीतून उपसलेला दगड,
कौन्सिलने वर माती टाकून गवत लावलेलं.
"छान टायडी केलंय," मी म्हटलं,
नवा शब्द वापरायला मिळाला म्हणून.
आयर्वेनबाई कप विसळत राहिल्या.
तो आधीच स्वच्छ होता.

मार्चमध्ये विम्याचे कागद शोधताना
बिस्किटांच्या डब्यात एक पत्र निघालं.
एम्लिनच्या फुप्फुसांतली धूळ, तिची भरपाई,
आणि शेवटी वकिलाच्या हातचं :
अ टायडी सम.
(म्हणजे बरी घसघशीत रक्कम.
हाही अर्थ आहे. चौथा. मी नंतर पाहिला.)
घडीवर कागद झिजून पार पारदर्शक झालेला.

"पैसे मिळाले, नाही असं नाही," त्या म्हणाल्या.
"पण हा शब्द त्याने वापरायला नको होता.
तो आमचा आहे."

डब्याचं झाकण तिरकं बसलं, तसंच राहू दिलं.
मग म्हणाल्या, बटाटे सोलतेस का?
मी सोलले. जाडजूड सालं,
दोन डोळे तसेच राहिले,
एक बटाटा निसटून फ्रिजखाली गेला
तो अजून तिथेच असेल.

त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं.
टायडी, म्हणाल्या.